मनकर्णाबाईच्या लाखीचं बी

बसा गा, इकडं सावलीत सरकून बसा. तुमची लाखांदूरची बस काही आता येत नाही. बोर्डावर तिचा टायम एक लिहिला आहे अन् डायवरच्या मनात दुसराच आहे. तवरोक एक गोष्ट सांगतो. वाघाची नाही, भुताची नाही. उवेएवढ्या किड्याची आहे. हसू नका. त्या किड्यापायी दोन जुने शेजारी एकमेकाच्या बापापर्यंत गेले, अन् एका घरात चूल पेटायची पण चुलीजवळ कोणी बोलायचं नाही. आयका.

आंधळगावच्या पुढं, नहराच्या कडेनं एक गाव आहे. तिथं तेजराम राह्यते. बुटका, छातीनं रुंद, हाताले कवाच उसंत नाही. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा निघाला त्याच साली हा भावापासून वेगळा निघाला. लोकायले सांगे, "सरकारनं जिल्हा वाटला, मी बांध्या वाटल्या." डोळ्यानं अधू माणूस. सुईत दोरा घालाले बायको लागे. पण चष्म्याचं नाव काढलं का म्हणे, "चष्मा मास्तरनं लावावा. मले का धान वाचाचं आहे?"

त्याच्या धानाच्या बांध्या अन् शेजारी भय्याजीच्या बांध्या लागून. मधात धुरा, मातीचा बांध, अन् धुऱ्यावर पळसाची रांग. पळस तेजरामचे, पण पळसावरची लाख त्याची नाही. ती मनकर्णाबाईची, त्याच्या घरवालीची. लग्नात तिच्या मायनं भांड्याच्या डालीत लाखीच्या काड्यायची जुडी ठेवून देली होती. पाव्हणे हसले, म्हणे पोरीले जळतन देऊन राह्यली. पण त्या जुडीतलं बी, म्हणजे जिते किडे, मनकर्णाबाईनं पळसावर चढवलं अन् तवापासून मरू देलं नाही. धुऱ्यावरचे झाडं लाख वागवे तवा बोडीच्या पारीवरचे, म्हणजे तळ्याच्या काठावरचे, झाडं छाटून आराम करे. पुढच्या खेपेले उलटं. तिकडं आंबागडाकडं तिच्या माहेरचे पळस निरा तुटून गेले. आमच्या गावाकडं बी लाख लावणारी ती एकटीच उरली. गोंदियाचा बांगडीवाला व्यापारी वर्षातून दोनदा फटफटीवर येऊन तिच्या आंगणात बसे अन् चहा घेतल्याबगर भाव काढत नसे.

तं त्या साली दसरा जवळ आला होता. धान पोटरीतून बाहेर निघून राह्यलं होतं. पोरगी रीना लाखांदूरले देलेली, तिचे दिवस भरले. मनकर्णाबाई गाठोडं घेऊन इथंच, ह्याच फाट्यावर बसची वाट पाहत थांबली.

"अवो, गाईले टायमावर पाणी दाखवजा. सयपाक नाही जमला तं शेजारच्या गिरजाबाईकडं जेवजा, मी सांगून ठेवलं आहे. पण पळसाले हात लावू नका."

"मी कायले लावू?"

"तुमच्या हाताले खाज असते म्हणून सांगतो. लाखीवर पिवळा टिपका दिसला का निरा फोन करा. मी येतो."

"बाळंतीण पोरीले सोडून?"

"पह्यल्या बसनं येतो. तुमी फकस्त हात लावू नका. फोन करा, मी येतो."

बस गेली. जाता जाता बी खिडकीतून तिनं बोट हालवून दाखवलंच.

आता हा टिपका काय, ते आयका. लाख पाहाले डहाळीवर गूळ सांडून वाळल्यावानी दिसते, लाल खपली. तिच्याखाली माद्या बसून राह्यते, सुईवानी तोंड सालीत खुपसून, झाडाचा रस पीत. त्यायचे लेकरं तयार झाले का खपलीवर मोहरीएवढा पिवळा टिपका उमटते. तवाच डहाळी कापाची अन् छाटलेल्या झाडाले बांधाची. लेकरं बाहेर पडते, कुंकू सांडल्यावानी लाल, अन् नव्या कोवळ्या काडीवर चालत जाते. जलमात चालणं तेवढंच. बसले का माद्यायचे पाय गळून पडते. तिथंच खाणं, तिथंच बाळंतपण, तिथंच मरण. मनकर्णाबाई म्हणे, "माह्यावानीच आहे. आंबागडाकडून एकदा चालत आली, ह्या घरात बसली, आता उठता येत नाही."

टिपक्याच्या आंदी डहाळी कापली तं काडी वाळते, रस आटते, अन् पोटुशी माय उपाशी मरते. लेकरासकट. हे तेजरामले माहीत होतं. माहीत नव्हतं असं नाही.

ती गेल्यावर दुसऱ्या तिसऱ्या रोजी भय्याजीनं धुऱ्यावरून हाक मारली. भय्याजी म्हणजे उंच, वाकलेला, गालात बारा मास सुपारी-तंबाखूचा खर्रा. त्याचं धान त्या साली असं होतं का पाहणाऱ्याची नजर लागावी. काळंशार, दाट, हात घालाले फट नाही. युरियाचा हात सढळ ना त्याचा. पण त्या धानात मधोमध, खाट टाकली तेवढी जागा जळून गेली होती. कोणी गरम पाणी ओतल्यावानी.

"इकडं ये गा तेजराम. पाय हे."

तेजराम चिखलात उतरला. भय्याजीनं धानाची चूड, म्हणजे रोपायचा झुबका, फाकवून दाखवली. बुडाशी, पाण्याच्या वर बोटभर, मिरपूड चिकटल्यावानी तुडतुडे. हात लागला तसे टपटप उडाले, तेजरामच्या नडगीवर बसले.

"फवारलं होतं ना तुनं?"

"दोनदा. पह्यल्यांदा काही नव्हतं तवाच फवारलं, येऊ नये म्हणून. मंग आले तवा फवारलं. जितकं मारतो तितके वाढून राह्यले भडवे."

पाण्यावर मेलेले कोळी तरंगत होते, पाय आखडून. तेजरामनं ते पाह्यलं, पण कोळ्याचं काय घेऊन बसाचं म्हणून सोडून देलं. भय्याजी कंबरेवर हात ठेवून सरळ झाला तं डोक्यावर पळसाची डहाळी. पानं काळे पडलेले, चिकट. त्यानं पानावर बोट फिरवलं, जिभेले लावलं. मंग धानाच्या चुडीवर बोट फिरवलं, ते बी जिभेले लावलं. बराच टाइम तोंड हालवत राह्यला.

"हे गोड आहे," म्हणे. "अन् हे बी गोड आहे."

"मंग?"

"मंग काय मंग! वर मुंगळे, खाली मुंगळे. वर काळं, खाली काळं. तुह्या बायकोनं हे माह्या डोक्यावर पोसून ठेवलं आहे, अन् तू मले इचारतं मंग?"

"भय्याजी, लाखीचा किडा जागचा हालत नाही. हा उड्या मारून राह्यला."

"अन् लेकरं? मागच्या साली म्या सोताच्या डोळ्यानं पाह्यले, लाल लाल, रांग धरून चालले होते. चालते तं उतरत नसंन?"

चालते हे तं खरंच होतं. तेजराम म्हणे, "इतक्या सालात कवा उतरले?"

"ह्या साली उतरले."

भांडण तिथंच सरलं असतं, पण दुसऱ्या दिवशी कृषी सहायक आला. योगेंद्र नाव. तरणा पोरगा, पण चिखलात बूट काढून उतरे, माणूस खरा. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर लोकं जमले. भय्याजीनं एका हातात धानाची चूड धरली, दुसऱ्या हातात पळसाची काडी.

"साहेब, फालतू गोष्टी नको. एकच सांगा. हे अन् हे, एका जातीचे का नाही?"

योगेंद्रनं दोन्हीकडं पाह्यलं. खोटं बोलाची सवय नव्हती बिचाऱ्याले. म्हणे, "तसं पाह्यलं तं काका, दोन्ही रस शोषणारे किडे. लाख झाली, तुडतुडा झाला, लाखोळी डाळीवरचा मावा झाला, तुमच्या खाटेतला ढेकूण झाला, सारं एकच खानदान. करोडो वर्षांआंदी ह्या साऱ्यायचा आजा एक. सोंड तीच. कोणी झाड धरलं, कोणी गवत धरलं, ढेकणानं माणूस धरला. पण..."

"आयकलं का गा!" भय्याजी ओरडला. "साहेबच म्हणते, एक खानदान!"

"पण काका, आयकून तं घ्या, लाखीचा किडा धानावर जगत नाही. ज्याची त्याची..."

त्याचं ते पण कोणी आयकलं नाही. एकजण म्हणे, खानदान एक म्हटल्यावर जाणंयेणं राहीनच. दुसरा म्हणे, ढेकूण बी त्यातलाच, तरीच तेजरामच्या घरी मुक्काम केला तं झोप येत नाही. सारे खिदळले. तेजरामचे कान तापले. तो घाईनं बोलून गेला, "माह्या घरी ढेकूण नाही," अन् लोकं आखीनच हासले. योगेंद्र गळ्याच्या शिरा ताणून सांगत होता, बांधीतलं पाणी काढा, मधात पट्टे सोडा, हवा खेळू द्या, उगाच फवारू नका, तुडतुडे खाणारे कोळी मरते. त्याच्या मानेवर घाम आला होता. शेवटी तो बूट घालून निघून गेला, अन् ठरलं ते भय्याजीचं. धुऱ्यावरचे सारे झाडं शेंड्यापासून फवाराचे. फवाराचा पेट्रोलवरचा पंप दुसऱ्या दिवशी सकाळी तुमसरवरून भाड्यानं आणाचा.

"माह्या झाडाले हात लावून पाहा," तेजराम बोलला.

"तुह्या झाडाचं माह्या धानात पडून राह्यलं ते?" भय्याजी म्हणे. "तुह्या बापानं धुरा सरकवला तवा बी आमी चूप राह्यलो."

"तुह्या बापानं सरकवला होता बे!"

मेलेले दोन्ही बाप ओट्यावर येऊन बसले, तवा कुठं सभा उठली.

तेजराम तरतर वावरात आला. म्हटलं आपलं धान पाहू, मंग पाहू कोण झाडाले हात लावते. धानात चालत गेला, अन् मधात जाऊन उभाच राह्यला. त्याच्या बी बांधीत तसलीच जागा. सुपाएवढी. बीचमधले दांडे पिवळे पडून झोपले होते. वाकून चूड फाकवली तं नाकातोंडावर तुडतुडे उडाले. लवकर निघणारं हलकं धान नाही हो, भारी धान. वर्षाचं खाणं तेच.

त्यानं पळसाकडं पाह्यलं. ह्या झाडायनं त्याले कवाच काही केलं नव्हतं. पण माणसाच्या मनाले कोणावर तरी ढकलाले पाह्यजे. त्याच्या मनात आलंच, खानदान एक आहे म्हणते. उतरले असंन तं?

संध्याकाळी फोन लावला. तिकडून लेकराचं रडणं आयकू आलं. नातू झाला होता.

"टिपका दिसला का?" मनकर्णाबाईनं पह्यले हेच इचारलं.

"नाही अजून. रीना कशी आहे?"

"ताप आहे आंगात. दूध उतरलं नाही अजून. धान कसं आहे?"

"बेस आहे," तेजराम म्हणे. "तू ये नको. पोरीजवळ राह्य."

फोन ठेवून तो सपरीत, पुढच्या पडवीत, बसला. सांगितलं असतं तं ती पह्यल्या बसनं आली असती, तापातली पोरगी टाकून. नाही सांगितलं तं सकाळी पंप येते. गिरजाबाईनं भाकर आणून ठेवली, ती तशीच वाळली.

अन् मंग त्याच्या हाताले खाज सुटली. दिवस उगवतीले त्यानं कुऱ्हाड घेतली, कोयता घेतला, शिडी खांद्यावर टाकली. म्हटलं, फवाऱ्याच्या आंदी बियाच्या डहाळ्या कापून घरी नेतो. बी वाचते, भय्याजीचं बी तोंड बंद. झाडावर चढून त्यानं एक डहाळी डोळ्याजवळ धरली. दूर धरली. परत जवळ धरली. उन्हाची तिरीप पडली होती खपलीवर, अन् त्याले तिथं पिवळं दिसलं. दिसलं म्हणजे, दिसाले पाह्यजे होतं तं दिसलं. दुसरी काडी पाह्यली, तिथं बी दिसलं. "झालं तयार," तो सोताशीच बोलला, अन् कोयता मारला.

तेवढं सोपं नव्हतं ते. लाल मुंगळे त्या गोड पाण्याच्या लालचीनं झाडभर पसरले होते. ते त्याच्या मानेत शिरले, काखेत शिरले. एका हातानं डहाळी, एका हातानं कोयता, खाजवाले तिसरा हात देवानं देला नाही. पायाची नडगी फांदीवर सोलून निघाली. सालीचा चिकट रस हाताले लागून बोटं चिकटले. तरी एकेक झाड त्यानं उतरवलं. काड्यायच्या जुड्या बांधल्या, गोणपाटात गुंडाळून डोक्यावर घरी नेल्या, अन् सपरीच्या मयालीले, म्हणजे आडव्या लाकडाले, उलट्या टांगल्या, सावलीत, हवा लागंन अशा. लेकरू पाळण्यात टाकल्यावानी.

पंप आला तवा तो धुऱ्यावरच उभा होता. भय्याजीनं उघडे पळस पाह्यले अन् पंपवाल्याले हात केला. पंपाचा फर्राटा सुटला. पानावरून पांढरं पाणी गळाले लागलं. मुंगळे पटपट खाली पडले. वरच्या उंच शेंड्यावर जी थोडीशी लाख राह्यली होती, जिथं शिडी पोचली नव्हती, ती बी न्हाऊन निघाली.

मनकर्णाबाई आली ती पोरीचा ताप उतरल्यावर. आंगणात पाय ठेवला अन् तिची नजर मयालीवर गेली. गाठोडं तसंच काखेत. तिनं एक जुडी उतरवली, उन्हात गेली, काडी डोळ्याजवळ धरली. बोटानं खपली दाबली. मंग दुसरी. मंग जुडीच्या जुड्या सोडून पाह्यल्या.

"टिपका होता," तेजराम म्हणे. "म्या पाह्यला ना."

तिनं सुटलेल्या काड्या परत गोळा केल्या.

"फवारून टाकलं असतं त्यायनं. निरा मरून गेलं असतं. म्या वाचवाले..."

"पाणी द्या प्याले," मनकर्णाबाई म्हणे. "उन्हातून आली मी."

एवढंच. शिवी देली असती तं बरं झालं असतं. तेजराम पाणी घेऊन आला तवर ती जुड्या टोपलीत भरून वावराकडं निघून बी गेली होती.

आराम केलेले पळस वावराच्या दुसऱ्या अंगाले, बोडीच्या पारीवर होते, तिथं फवारा पोचला नव्हता. तिनं तिथं एकेक जुडी बांधली, दोन्ही टोकं डहाळीले लागतीन अशी, सुतळीनं, जशी दर साली बांधे. तेजराम शिडी धरून खाली उभा. वरून सुतळी मांगाले बी ती तोंड उघडत नव्हती, फकस्त हात खाली करे.

मंग वाट पाहणं. रोज सकाळी बाई पळसाखाली. काडीखाली पदर पसरून धरे, हलकेच टिचकी मारे. पदरावर लाल भुकटी पडाले पाह्यजे, जीव असलेली, वळवळणारी. पदरावर सालीचा भुगा पडे. मुंगळे बी येऊन गेले. वर चढले, काडी हुंगली, दोन चकरा मारल्या अन् उतरून गेले. मुंगळे उतरताना पाह्यले तवा तेजरामले कळलं, काडीत गोड पाणी नाही, बी मेलं. पण बाई तरीही जाई. घरी आली का गाईचं बोले, मिठाचं बोले. आखीन काही नाही.

अन् धान? ते सांगतोच. भय्याजीची खाटेएवढी जागा खळ्याएवढी झाली. पळस न्हाऊन निघाले, उघडेनागडे झाले, तरी तुडतुडा आपला जोरात. तिकडं तुमसर रोडच्या अंगाले तं धुऱ्यावर एक बी पळस नाही, बाभूळ नाही, तिथल्या बांध्या बी तशाच जळाल्या. तेजरामनं शेवटी त्या साहेब पोराचं आयकून पाणी काढलं, धान फाकवून पट्टे पाडले. अर्धं हाती लागलं. बाकी अर्धं तणसाले बी कामाचं नाही, ढोरं तोंड लावत नव्हते.

कापणी सुरू झाली तवा भय्याजी धुऱ्यावर आला. हातात इळा, पण कापाले होतंच काय त्याच्याजवळ. खर्रा घोटत उभा राह्यला.

"तुमसरकडं जाऊन पाह्यलं मी," म्हणे.

"मंग?"

"तिकडं पळस नाही."

"नाही."

"मले कोणी सांगितलं नाही ना गा."

"तुले कोण सांगंन? तुह्या तोंडाले कुलूप असतं तं कोणी सांगितलं असतं."

भय्याजीनं ते गिळून घेतलं. अन् बोडीच्या पारीकडं हनुवटी केली. तिथं मनकर्णाबाई झाडाखाली उभी होती, पदर पसरून. "निघालं का काही?"

तेजरामनं नाही म्हणून मान हालवली.

मंग भय्याजी सायकल घेऊन गावोगाव फिराले लागला. कोणाले सांगत नव्हता कायले फिरतो ते. बायको बी इचारून थकली त्याची. एका दुपारी तो घामाघूम होऊन तेजरामच्या आंगणात आला. सायकलीच्या मागं डालीएवढं गोणपाट बांधलेलं.

"वयनी," म्हणे, "बी आणलं. जितं आहे. म्या सोता पाह्यलं, हालते."

मनकर्णाबाई हातातलं सूप टाकून उठली. तेजराम बी धावला. भय्याजीनं गोणपाट सोडलं. आतमधी सीताफळाच्या फांद्या. फांदीफांदीवर पांढरं, कापसावानी, चिकट, अन् त्यात खरंच काहीतरी हालून राह्यलं होतं.

बाईनं एक फांदी उचलून उन्हात धरली.

"गोड लागते," भय्याजी घाईनं म्हणे. "चाखून पाह्यलं म्या."

"भय्याजी," मनकर्णाबाई म्हणे, "हा पिठ्या होय. सीताफळाचा पिठ्या ढेकूण."

"मंग... तो बी त्याच खानदानातला ना?"

अन् बाईले हसू फुटलं. हासता हासता ती खालीच बसली, पदर तोंडावर धरून. खांदे हालत होते. मंग ते हालणं थांबेच ना, अन् तेजरामच्या ध्यानात आलं का हे हसू नाही आता. भय्याजी गोणपाट हातात धरून तसाच उभा. त्याच्या बाहीवर पांढरं पीठ सांडलं होतं.

थोड्या टायमानं बाईनं डोळे पुसले. तेजरामकडं पाह्यलं, इतक्या दिवसानं पह्यल्यांदा सरळ पाह्यलं. म्हणे, "त्या फांद्या जाळा आंदी, नाही तं मागच्या सांदवाडीत, भाजीपाल्यावर पसरंन हे. अन् उद्या तुमसरले जाऊन चष्मा करा."

बस, एवढीच गोष्ट. तेजरामनं चष्मा केला. बोडीच्या पारीवरचे पळस छाटून तयार आहे, कोवळ्या काड्या फुटल्या आहे त्यायले, पण चढवाले बी नाही. आंबागडाकडं जाऊन आले दोघं, तिकडं नाही. व्यापाऱ्याले सांगितलं, तो हो म्हणते अन् विसरते. भय्याजी अजून फिरते सायकलीवर. आता फकस्त पाहून येते, तोडून आणत नाही.

ती पाहा, तुमची बस आली. धूळ दिसून राह्यली. तुमी तं लाखांदूरपर्यंत जाता, रस्त्यानं जंगल आहे, कोणाच्या धुऱ्यावर पळस असतीन. एक काम करा माह्यं, हा नंबर ठेवा. खिडकीकडं बसा. पळसाच्या डहाळीवर गूळ वाळल्यावानी लाल खपली दिसली तं गावाचं नाव ध्यानात ठेवा. उतरून गेले तं झाडाच्या मालकाले रामराम करा. पांढरं पीठ असलं तं पुढं चाला, ते आमच्याकडं एकदा येऊन गेलं. लाल असलं तं टिपका पाहू नका, तुमाले दिसला तरी खरा मानू नका. हात लावू नका. निरा फोन करा. मनकर्णाबाई पह्यल्या बसनं येते.